नाटकातला पेशवा आणि लग्नातला नवरदेव, दोघांना एकच ब्रोकेड चालेल का?

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकहून एका ताईंनी लिहिलंय. त्यांची हौशी नाट्यसंस्था यंदा राज्य नाट्य स्पर्धेत पेशवाईतलं दोन अंकी नाटक करतेय, आठ पात्रं आहेत आणि कपडेपटाची सगळी जबाबदारी ताईंवर आलीये. बजेट तीस हजार. पेशव्याचं काम त्यांचा धाकटा भाऊच करतोय आणि स्पर्धेनंतर दोन-तीन महिन्यांत त्याचं लग्न आहे. त्यामुळे त्यांच्या मनात आलं की एक चांगलं बनारसी ब्रोकेड, म्हणजे जरीची नक्षी विणलेलं जड कापड घ्यायचं, त्याचा नाटकासाठी अंगरखा शिवायचा आणि मग तोच उसवून रिसेप्शनसाठी बंदगळा करायचा, पैसे अर्धे संस्थेचे आणि अर्धे घरचे. दिग्दर्शक म्हणतात दरबार वाटला पाहिजे, सगळ्यांना भरजरी द्या आणि प्युअर सिल्कच घ्या. दुकानदार म्हणतो पॉलिस्टर जॅकार्ड घ्या, स्टेजवर कोणाला कळतंय. त्यात घरी आईच्या लग्नातला शालू आहे, बरीच वर्षं नेसलेला नाही. "आई काही बोलली नाही म्हणजे तिची हरकत नसावी, तर तो कापून वापरू का?" असंही त्या विचारतात. आणि शेवटी लिहितात, "कापडातलं मला फार कळत नाही, पण स्वस्त दिसलं तर सगळे मलाच बोलणार."

ताई, आधी सरळ उत्तर देते, मग सविस्तर बोलू. एकच कापड दोन्हीकडे वापरायचा विचार सोडून द्या. कापड वाईट निघेल म्हणून नाही, तर ही दोन कामंच एकमेकांच्या उलट आहेत म्हणून. नाटकातला कपडा प्रेक्षक दहाव्या नाहीतर विसाव्या रांगेतून बघतो, वरून तापलेले लाइट पडत असतात, आत माणूस घामाने निथळत असतो आणि दोन प्रवेशांच्या मधे विंगेत उभं राहून घाईघाईत कपडे बदलायचे असतात. लग्नातला कपडा लोक हातभर अंतरावरून बघतात, मावश्या-आत्या तर बाही चिमटीत धरून बघतात आणि फोटोग्राफर थेट कॉलरवर झूम करतो. शिवाय उसवून परत शिवायचं म्हणताय ते ब्रोकेडमध्ये फारसं जमत नाही. सुईची भोकं राहतात, शिवणीजवळचे धागे सरकलेले असतात, काखेत घामाचे डाग बसलेले असतात. आणि अंगरख्याची बेतणीच वेगळी, छातीचा भाग आखूड आणि खाली घेराच्या कळ्या, मग त्यातून बंदगळ्याला लागणारा खांद्यापासून मांडीपर्यंतचा अखंड तुकडा निघणार कुठून? तुमच्या टेलरला विचारून बघा. आणि पैशाचं पण बघा ना, उद्या कोणीतरी म्हणणारच की संस्थेच्या पैशात भावाचा कोट झाला. एवढी मेहनत करून ते ऐकून घ्यायची वेळ स्वतःवर आणू नका.

आता दिग्दर्शक आणि दुकानदार, ज्यांच्यामधे तुम्ही अडकलाय. ते दोघं बोलतायत धाग्याबद्दल, म्हणजे रेशीम का पॉलिस्टर. जॅकार्डचा धाग्याशी काही संबंध नाही. ती मागावर बसवायची यंत्रणा आहे, फ्रान्समधल्या लिऑं शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास आणलेली. पुठ्ठ्याचे भोकं पाडलेले पत्ते ओळीने जोडलेले असतात, आणि पत्त्यावर भोक आहे की नाही यावर कुठला उभा धागा वर उचलला जाणार ते ठरतं. त्यामुळे नक्षी छापायची नाही, वरून भरायची नाही, ती विणतानाच कापडात येते. आता बऱ्याच ठिकाणी पत्त्यांच्या जागी कॉम्प्युटर आलाय पण तत्त्व तेच. बनारसचं ब्रोकेड जॅकार्डवर होतं, सुरतेचं पॉलिस्टर जॅकार्डवर होतं, सोफ्याचं जाड कापड जॅकार्डवर होतं आणि आपली सोलापुरी चादर पण जॅकार्डचीच, म्हणजे कापडातलं कळत नाही म्हणणाऱ्या तुम्ही लहानपणापासून जॅकार्ड अंगावर घेऊन झोपताय!

त्यामुळे दुकानात गेल्यावर प्युअर आहे का हा पहिला प्रश्न नसतो. धागा कशाचा, वीण कशी आणि नक्षी केवढी, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. स्टेजसाठी मी तर म्हणेन नक्षीचा प्रश्न सगळ्यात आधी, मग विणीचा आणि मग धाग्याचा. लग्नासाठी हा क्रम बरोबर उलटा.

आणि भरजरीचं. इथे दिग्दर्शकांशी थोडं बोलावं लागेल तुम्हाला. जास्त जर म्हणजे जास्त राजेशाही हे आपल्या डोक्यात बसलंय ते कॅलेंडर आणि सिरीयल बघून. जेम्स वेल्स नावाच्या चित्रकाराने १७९० च्या दशकात पुण्यात काढलेलं सवाई माधवराव आणि नाना फडणिसांचं चित्र इंटरनेटवर सहज मिळतं, ते दिग्दर्शकांना दाखवा. तिथे सगळी चमक कापडाची नाहीये, पांढरं तलम कापड आहे आणि त्याच्यावर पगडी, मोती, दागिने यांनी रुबाब आलाय. पांढरा घेरदार अंगरखा आणि खांद्यावर जरीकाठी शेला, एवढ्यात पेशवाई उभी राहते हो. आठही जणांना डोक्यापासून पायापर्यंत किनखाब, म्हणजे भरगच्च जरीचं कापड दिलं तर पेशवा कोण आणि कारकून कोण हेच मागच्या रांगेतल्या माणसाला कळणार नाही.

तुमच्या नाटकात पेशवाईची वस्त्रं मिळण्याचा प्रसंग असेल तर तो बघा. साताऱ्याच्या छत्रपतींकडून वस्त्रं आली की मगच पेशवेपद मिळालं असं मानायचे, म्हणजे त्या काळात कापड हाच अधिकार होता. मग भरजरी कापड त्या एका प्रवेशासाठी राखून ठेवा. आधी सगळा दरबार पांढऱ्यात, बदामी रंगात, आणि त्या क्षणी एकाच्याच अंगावर जरतारी चढते. हे दिग्दर्शकांना पटेल असं मला वाटतं कारण यात त्यांच्या प्रसंगाला उठाव येतोय आणि तुमचे पैसे पण वाचतायत. असा प्रसंग नसेल तरी भरजरी एका-दोघांनाच.

मग स्टेजचं जॅकार्ड निवडायचं कसं. नक्षी मोठी घ्या, तळहाताएवढी बुटी किंवा मोठा वेल. बारीक बुटी दुकानात फार गोड दिसते पण लांबून तिचं नुसतं करडं पीठ होतं. जमिनीचा, म्हणजे नक्षीमागच्या मूळ कापडाचा रंग आणि नक्षीचा रंग यात फरक भरपूर पाहिजे, गडद मरून किंवा गडद हिरव्यावर जुन्या सोन्याचा रंग असं काहीतरी. सेल्फ डिझाईन म्हणतात ना, जमीन पण तीच आणि नक्षी पण त्याच रंगाची, फक्त चमकेचा फरक, ते पंधराव्या रांगेतून साधं कापड वाटतं, त्याला पैसे घालू नका. दुकानदाराला ताका उघडायला सांगा आणि चक्क दुकानाबाहेर, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा, मैत्रिणीला धरून उभी करा. डोळे अर्धवट मिटून बघितलं तरी नक्षी दिसतेय का? मग फोनवर व्हिडिओ काढून बघा, कारण प्लास्टिकची जर कॅमेऱ्यात पांढरे ठिपके मारते आणि स्टेजवर पण तसंच होतं, थेट लाइट पडला की सोनं न दिसता चंदेरी कागद दिसतो. तुम्हाला ज्या "स्वस्त दिसण्याची" भीती वाटतेय ना ती पॉलिस्टरमुळे कमी आणि या चकाकीमुळे जास्त येते. म्हणून पॉलिस्टर घ्या हो खुशाल, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) मिळालं तर अजून चांगलं कारण ते मऊ पडतं, पण जर मंद असलेलं घ्या, ज्याला बाजारात अँटिक गोल्ड म्हणतात. आणि एक युक्ती सांगते, कापड उलटं करून बघा. कित्येक जॅकार्डची मागची बाजू जास्त सुंदर असते, रंग दबलेले, जर झाकलेली, जुनी वापरलेली वाटते. म्हाताऱ्या सरदाराला किंवा पडत्या काळातल्या माणसाला ती उलटी बाजू बाहेर घालून अंगरखा शिवा, फक्त मागे धागे लोंबत नसले पाहिजेत.

हे लोंबते धागे नीट बघायचेच, दोन्हीकडच्या कापडात. नक्षीसाठी जो जादा आडवा धागा घातलेला असतो तो एका बुटीपासून दुसऱ्या बुटीपर्यंत मागून तसाच जातो, कधी तो कापलेला असतो, कधी सोडलेला. लांब सोडलेला असेल तर अंगठी, बांगडी, तलवारीची मूठ, सगळ्यात अडकतो आणि पुढून कापड गोळा होतं. कापलेला असेल तर बुटीचा धागा नखाने हळूच ओढून बघा, सहज निसटत असेल तर ते कापड धुण्यात टिकणार नाही. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड दोन बाजूंना ताणा, जिथे शिवण येणार असं धरून. धागे सरकून जाळी दिसायला लागली तर खांद्यावर आणि पाठीत ते फाटणार म्हणजे फाटणारच, नट हात वर करतात, दंडवत घालतात, लढाया करतात. असं कापड आवडलंच असेल तर शिवणीला नेहमीपेक्षा जास्त, इंचभर तरी माया सोडायला सांगा, कडा ओव्हरलॉक करा आणि आतून सुती अस्तर लावा. सुती अस्तर तर सगळ्यांनाच लावा, पॉलिस्टरमध्ये घाम कुठेच जात नाही.

मग कापड कानाजवळ धरून चुरगाळा. मी मस्करी करत नाहीये. कडक ब्रोकेड खुसखुस वाजतं, आणि तुमच्या हॉलमध्ये कॉलर माइक लावणार असाल तर ती खुसखुस संवादांवर येते.

रंगाचं लाइटवाल्याला विचारल्याशिवाय ठरवूच नका. लाल लाइटमध्ये हिरवं कापड काळं दिसतं, पिवळसर लाइटमध्ये निळं-जांभळं मळकट दिसतं, सोनेरी मात्र त्यात खुलतं. दुकानातून प्रत्येक कापडाची वीतभर कात्रणं मागून घ्या, नाहीतर पाव मीटर विकत घ्या, आणि तालमीला लाइट असतील त्या दिवशी स्टेजवर धरून बघा. बजेट सगळं संपवून मग कळण्यापेक्षा हे बरं.

आठ जणांचं मी असं करेन. पाच-सहा अंगरखे साध्या सुती कापडाचे, पांढरे, मळके पांढरे, बदामी. त्यांना फक्त गळा, बाहीचं टोक आणि कडेला जॅकार्डची पट्टी, दीड-दोन इंचांची. यासाठी मीटरवर कापड घ्यायचीही गरज नाही, आर्ट सिल्कची, म्हणजे नकली रेशमाची, एक बनारसी छापाची साडी घ्या, साडेपाच मीटर कापड, दोन्हीकडे काठ आणि पदर तयार. काठाच्या पट्ट्या होतात, पदराचा शेला होतो, उरलेल्यात कमरबंद. बायकांच्या पात्रांना खणाची चोळी द्या. मुख्य पात्राच्या वस्त्रासाठी मात्र मीटरवर चांगलं जॅकार्ड घ्या आणि तिथे हात आखडू नका. मुंबईला जाणं होणार असेल तर मंगलदास मार्केट, पुण्याला जाणं असेल तर रविवार पेठ, नाहीतर तुमच्याकडेच पडद्याच्या कापडाच्या दुकानात पण बघा, पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी मोठी असते आणि चोगा (वरून घालायचा सैल झगा) किंवा झूल यासाठी ते कापड छान पडतं. अंगरख्याला नका वापरू, जड होतं. आणि पगड्या ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणा, त्या बांधणं हे वेगळं कसब आहे.

आता भावाचं लग्न. इथे तुम्ही खरोखर कापडावर पैसे घाला, पण घरचे. इथे जे स्टेजवर टाळायला सांगितलं तेच घ्या, सेल्फ जॅकार्ड, बारीक नक्षी, एकाच रंगाच्या दोन छटा. जवळून ते फार देखणं दिसतं आणि दहा वर्षांनी फोटो बघताना पण खटकत नाही. रेशीम आहे का हे बघायचं तर कात्रणातला उभा धागा आणि आडवा धागा वेगवेगळा काढून घरी जाळून बघा, कारण पुष्कळदा एकच धागा रेशमाचा असतो. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, व्हिस्कोस आणि सूत कागदासारखं जळतं. जरीचं पण तसंच, खरवडून बघितलं की धातूतच तांब्याची लाली दिसली तर ती नकली जर, पांढरा धागा दिसला तर प्लास्टिकची. नकली जर वाईट असं मी म्हणत नाही, फक्त खऱ्या जरीचे पैसे देऊन ती घेऊ नका.

कापड घेताना टेलरला बरोबर न्या, निदान फोनवर ठेवा. ब्रोकेड बऱ्याचदा चव्वेचाळीस इंच पन्न्याचं येतं, बंदगळ्याला साधारण अडीच मीटर लागतं, पण नक्षी मोठी असेल तर पुढचे दोन भाग जुळवायला जास्त लागतं. एक पूर्ण नक्षी संपून परत सुरू होते ते अंतर मोजा आणि निदान तेवढं कापड जादा घ्या. मोर, कुयरी, कलश असं काही असेल तर त्याला वर-खाली दिशा असते, कापड वाचवायला टेलरने एक भाग उलटा बेतला तर एका बाजूचे मोर डोक्यावर उभे राहतात. छातीवर नक्षी दोन्हीकडे आरशातल्यासारखी जुळली पाहिजे हे आधीच बोलून घ्या, नंतर काही होत नाही. आणि भाऊ सडपातळ नसेल तर भरगच्च चमकदार ब्रोकेड पूर्ण कोटाला नको, साधा रॉ सिल्कचा बंदगळा आणि आतलं जाकीट ब्रोकेडचं, हे जास्त चांगलं दिसेल. मला विचाराल तर सडपातळ असला तरी हेच. खांद्यावर संभाजीनगरच्या हिमरूची (सूत आणि रेशीम मिळून विणलेली) शाल, नाहीतर येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे, तिथून पैठणीकाठी उपरणं. हातमागावरच्या पैठणीची नक्षी तिल्ल्या, म्हणजे रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्या फिरवून हाताने विणतात, तिची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मागे धागे लोंबताना दिसले तर तो जॅकार्डचा काठ आहे, मग किंमत पण त्याप्रमाणेच द्यायची.

राहिला शालू. ताई, आई काही बोलली नाही याचा अर्थ हरकत नाही असा तुम्ही काढलाय, तो मला पटत नाही. आपल्याकडे आया मुलांच्या आनंदात स्वतःची हरकत सांगतच नाहीत. तुम्ही तिला विचारलं तरी कसं होतं, "कापू का" असंच ना? त्याला ती काय उत्तर देणार. शालू कपाटातून काढा, तिच्यासमोर पलंगावर पूर्ण उघडा आणि दोघी मिळून उन्हाकडे धरून बघा. जुनं रेशीम घडीच्या रेषेवर चिरतं, बऱ्याच वर्षांत घडी बदलली नसेल तर तिथे उभ्या चिरा दिसतील. चिरा खूप असतील तर स्टेजचा ताण तो सोसणारच नाही, मग नाटकाचा प्रश्न तिथेच मिटला. आणि धडधाकट असेल तर नाटकासाठी कापायचाच नाही, ती वस्तू संस्थेची नाही. चिरलेला असेल आणि आई स्वतःहून म्हणाली की भावाच्या लग्नात याचं काहीतरी कर, तर चांगल्या उरलेल्या काठाचं उपरणं करा, किंवा जाकिटाची नुसती पुढची बाजू, मागून पातळ सुती कापड चिकटवून न घेता टाक्यांनी धरलेली, आणि उरलेला शालू तिलाच परत द्या. ती म्हणाली की मला तो रिसेप्शनला नेसायचाय, तर फॉल-पिको करून आणा आणि विषय बंद. कुठल्याही परिस्थितीत जुनी जर वितळवून घेणाऱ्याला मात्र देऊ नका, हातात जे पैसे येतील त्यात तसा शालू परत येणार नाही.

थोडं सांभाळण्याचं. जरीवर सरळ गरम इस्त्री फिरवू नका, प्लास्टिकची जर वितळते, उलट्या बाजूने आणि मधे सुती रुमाल ठेवून करा. सेंट अंगाला मारायचा, कपड्याला नाही, जर काळी पडते. खऱ्या जरीत डांबरगोळ्या नकोत, जुन्या मलमलच्या धोतरात गुंडाळून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदला. नाटकाच्या अंगरख्यांचं अस्तर टेलरला कच्च्या टाक्यांनी बसवायला सांगा, म्हणजे प्राथमिक फेरी झाल्यावर ते काढून धुता येईल, आणि काजं-बटणं दिसायला ठेवून आत हुक किंवा वेल्क्रो लावून घ्या. प्रत्येक जॅकार्डचा निदान अर्धा मीटर तुकडा जपून ठेवा, अंतिम फेरीत नंबर लागला आणि तोवर कोणाची बाही फाटली तर त्याच ताक्यातलं कापड दुकानात परत मिळेलच असं नाही.